तिच्या सायकलीचा भाव

तुमची सायकल बघायला काल पुण्याहून एक माणूस आला होता. तुमची म्हणते ते सवयीनं. सायकल तुमची नव्हती. ती तिची होती, आणि तुम्ही चाळीस वर्षं तिची राखण केलीत. नवऱ्याला जाऊन महिना झाला नाही तोवर बाईनं सायकल विकायला काढली, असं लोक म्हणतील. म्हणू द्या. तेराव्यालाच मी आपल्या लेकीला, सुरेखाला सांगितलं होतं, की पहिली ती भिंतीवरची काढ. तिनं फोटो काढून फोनवर कुठंतरी टाकला, आणि आठ दिवसांत सोलापूर, हैदराबाद, पुणे, सगळीकडून फोन. तुम्ही गेलात तेव्हा एवढे फोन आले नव्हते.

भेटायला येणारा प्रत्येक जण तुमचं कौतुक करून जातो. उमरग्यात जुनी सायकल तुमच्या शब्दावर विकली जायची, असं मला सांगतात, जसं काही मला ठाऊकच नाही. मी ऐकून घेते, चहा देते. रडायचं तेवढं रडून झालं. आता तुमच्याशी माझं एक भांडण राहिलंय, ते लिहून काढते. तोंडी ऐकायला तुम्ही नाहीत. असता तरी ऐकलं नसतं, पाना घेऊन खाली बसला असता.

तुमची पारख मी काय कमी बघितली? दुकानाच्या मागंच आपली चूल. कुणी जुनी सायकल विकायला आणायचा, सोबत घेणारा असायचा, आणि दोघंही तुमच्या तोंडाकडं बघत उभे राहायचे. तुम्ही आधी हात लावत नव्हता. मागं जाऊन एक डोळा मिटून बघायचात. मग सायकल वीतभर उचलून खाली सोडायची आणि कान द्यायचा. बेअरिंगची कुठली गोळी फुटलीय, कुठला नट ढिला झालाय, ते आवाजावरून सांगायचात. मला तीन दिवस ताप होता, तेव्हा चौथ्या दिवशी विचारलंत, "आवाज बसलाय का गं?"

मग अंगठा. हँडलखालून पॅडलकडं जी तिरकी नळी जाते, तिच्या पोटाखालून अंगठा फिरवायचात. पुढून धडकलेली सायकल असली की तिथं लोखंडाला सुरकुती पडते. वरून रंग मारला तरी ती अंगठ्याला लागते. आणि सगळ्यात शेवटी सूत. मागचं चाक काढायचं. त्या जागेच्या एका बाजूपासून सूत निघायचं, हँडलखालच्या उभ्या नळीला वळसा घालून दुसऱ्या बाजूनं मागं यायचं. सीटखालच्या नळीपासून दोन्हीकडं सूत सारखं लांब राहिलं, तर फ्रेम सरळ. काडीभर फरक आला की भाव पडला. तेवढ्यासाठी हाक यायची, "अगं ए, सूत धर."

मी पिठाच्या हातानं यायची. सायकलीच्या पुढं उभी राहून त्या नळीवर सूत बोटानं दाबून धरायची. तुम्ही मागं उकिडवे बसून काडीनं मोजायचात, एकदा मोजलेलं परत मोजायचात, आणि मधेच मान वर करून माझ्याकडं बघायचात, सूत हललं का म्हणून. तोवर तव्यावरची भाकरी करपायची. एकदा मी चिडून म्हटलं, त्या गिऱ्हाइकाला धरायला लावा की, नुसता उभाच आहे. "त्याचा हात हलतो," म्हणालात. झालं. माझा हात हलत नाही, एवढंच काय ते माझं कौतुक अठ्ठेचाळीस वर्षांत.

माझ्या भावालाही सोडलं नाहीत तुम्ही. जळकोटहून तो त्याची सायकल विकायला घेऊन आला, घेणारा पैसे मोजायला लागला होता, आणि तुम्ही भर दुकानात सांगितलंत, "ही वाकडी हाय. निम्म्यात घे." भाऊ दोन वर्षं आपल्या उंबऱ्याला आला नाही. मी म्हटलं, घरच्या माणसासाठी एक वेळ गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं? तुम्ही म्हणालात, "सुताला भाऊ कळत न्हाय." त्यावरून आपण किती वेळा भांडलो. ते भांडण मिटलं नाही, नुसतं जुनं झालं.

आता तिच्याकडं येते.

सुरेखा नुकतीच शाळेत जायला लागली होती. हैदराबादकडून येणाऱ्या रस्त्यानं ती गोरी बाई सायकल हातात धरून चालत आली. मागच्या चाकाचा आस मोडलेला. उन्हानं तोंड लालभडक, पायात अर्धी चड्डी, आणि अख्खा बाजार तिच्या मागं. सायकल बघून तुम्ही उठून उभे राहिलात. लग्नाआधी मला बघायला आलात तेव्हा उठला नव्हता. तिचा देश फ्रान्स, हे तिनं नकाशावर दाखवलं. तिच्या सायकलीचे आटे आपल्या कुठल्याच नटाला बसेनात, म्हणून तुम्ही लेथवाल्याकडं बसून नवा आस करून घेतलात. तेवढ्यात तिला कावीळ झाली. आठ दिवस ती आपल्या घरात पडून होती. मऊ भात मी शिजवला, कपडे मी धुतले, ओकारी मी काढली. आणि तुम्ही? तुम्ही तिच्या उशाशी वही घेऊन बसायचात. ती सायकलीचं चित्र काढायची, एकेका भागाचं नाव सांगायची, आणि तुम्ही ते आपल्या अक्षरात लिहून घ्यायचात. चौथी शिकलेल्या बायकोला तुम्ही कधी एक अक्षर विचारलं नव्हतं.

गिऱ्हाइकांना तुम्ही सांगायचात, बाईमाणूस असून एकटी देश बघत फिरती, केवढी हिंमत. मी सुरेखाला काखेत घेऊन, डोक्यावर गाठोडं घेऊन एस.टी. चुकली म्हणून भर उन्हात कोस-कोस चालले, ते कुणी कुणाला सांगितलं नाही.

ती एस.टी.नं सोलापूरला गेली, तिथून रेल्वेनं. चालवायचं बळ अंगात नव्हतं, म्हणून सायकल ठेवून गेली. परत येते, असं हातानं खुणावलं. तुम्ही मान डोलावलीत, आणि त्या दिवसापासून ती सायकल आपल्या भिंतीवर. दर मंगळवारी दुकान बंद, म्हणून दर मंगळवारी ती खाली उतरायची. धोतराचा मऊ तुकडा, खोबऱ्याचं तेल, ट्यूबला पावडर. पावडर माझी. मी म्हणायची, विकून टाका, नाहीतर चालवा. तुम्ही म्हणायचात, "अमानत हाय ती." मी म्हटलं, मग मला तरी शिकवा तिच्यावर. तुम्ही हसलात. "तुला शिकायला दुसरी आणतो." आणलीत का?

तिची दोन कार्डं आली. दुसरं दोन वर्षांनी आलं, त्यावर बर्फातल्या रस्त्याचं चित्र होतं. मागं काय लिहिलंय ते शाळेतल्या इंग्रजीच्या गुरुजींनाही वाचता आलं नाही, ते म्हणाले ही इंग्रजी नव्हं. तुम्ही ते दुकानाच्या काचेखाली ठेवलंत. त्यात काय लिहिलं होतं ते आजपर्यंत कुणाला कळलेलं नाही. मला मात्र ते रोज कळायचं.

त्याच आठवड्यात तुम्ही माल आणायला सोलापूरला गेलात आणि मी ती सायकल खाली काढली. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. मागच्या माळावर नेली, उतारावर नेली, दगडावर पाय देऊन चढले. मला वाटलं होतं, ती एवढा देश फिरली, मला एक माळ जमणार नाही का. सायकल निघाली. चार श्वास असतील, मी चालवली. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. मग समोर पडक्या गोठ्याची भिंत आली. तिच्या त्या सायकलीचा ब्रेक कुठं असतो ते मला ठाऊक नव्हतं.

गुडघा फुटला. सायकलीचं पुढचं चाक धड होतं, पण मी उठून मागून एक डोळा मिटून बघितलं, तुमच्यासारखं. हँडलची नळी डावीकडं कलली होती. तिरक्या नळीखाली अंगठा लावला. सुरकुती लागली. आधी माळावर कुणी बघितलं का ते बघून घेतलं. आणि नंतर, तुम्हाला सांगते, आनंद झाला.

सायकल भिंतीवर परत टांगली. संध्याकाळी तुम्ही आलात, गुडघा बघितलात. मी म्हटलं, धुण्याच्या दगडावर पडले. "कुठला दगड?" म्हणालात. मी म्हटलं, धुण्याचा. "बरं," म्हणालात, आणि स्वतः हळद गरम करून गुडघ्याला लावलीत. पुढं चार दिवसांनी मंगळवार आला. तुम्ही सायकल उतरवलीत, पुसलीत. मी चुलीपाशी कान देऊन बसले होते. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत.

तेव्हापासून मी मनात हसत आले. अख्ख्या तालुक्याच्या सायकली सुतात आहेत की नाहीत ते सांगणारा माणूस, आणि त्याच्या स्वतःच्या भिंतीवर वाकडी सायकल. सगळ्यांना सूत लावलंत, तिला कधी लावलं नाहीत. एवढा आंधळा भरवसा. आपलं भांडण झालं आणि तुमच्यापुढं माझं काही चाललं नाही, की मी भिंतीकडं बघायची. ते माझं सुख होतं. सुख म्हणून फार मोठं नसेल, पण माझं होतं.

तर काल तो माणूस आला. चाळिशीतला असेल, गाडीतून उतरला आणि चपला काढून अंगणात बसला, देवळात बसतात तसा. सायकल उताणी करून पॅडलखाली कोरलेला आकडा वाचला. मडगार्डवर नख वाजवलं. गिअर, ब्रेक, सीटचं चामडं, एकेक बोल्ट बघत गेला आणि प्रत्येक वेळी मान हलवत गेला. मागचा आस सोडला तर सगळं मूळचं आहे, असं सुरेखाला म्हणाला, अशी एवढी पूर्ण सायकल त्यानं दुसरी बघितली नव्हती. जुन्या सायकलीचा भाव ह्यावरच असतो, कुणी किती हात लावला ह्यावर. मी म्हटलं, हिला कुणी हात लावायची सोयच नव्हती.

मग त्यानं मागचं चाक काढलं आणि खिशातून सूत काढलं. मी सवयीनं उठले, हात लुगड्याला पुसले आणि सायकलीच्या पुढं जाऊन उभी राहिले. तो म्हणाला, "काकू, तुम्ही बसा ना. धरायला कोणी लागत नाही. मागं गाठ मारली की झालं." आणि खरंच, एका बाजूला गाठ मारली, वळसा घातला, सूत ताणलं, दुसऱ्या बाजूला गाठ मारली. मी परत ओट्यावर येऊन बसले. मला राग आला, एवढंच तेव्हा कळलं.

त्यानं मोजलं. परत मोजलं. म्हणाला, "अगदी सुतात आहे. केसाचाही फरक नाही." आणि ऐंशी हजार म्हणाला.

सुरेखानं माझ्याकडं बघितलं. घासाघीस करू नको, असं तिच्या डोळ्यांत होतं. ती सायकल वाकडी आहे हे जगात मला एकटीला ठाऊक, आणि सूत सरळ सांगतंय. माझं अडतीस वर्षांचं सुख माझ्या डोळ्यांदेखत कुणीतरी उचलून नेल्यासारखं झालं. मी म्हटलं, "थांबा भाऊ. त्या तिरक्या नळीला खालून अंगठा लावा."

हे प्रामाणिकपणानं बोलले असं तुम्ही समजू नका. माझ्या भावाची बेअब्रू केलीत, त्याची आठवण होती, आणि त्याहून जास्त म्हणजे मला तिचा भाव पडलेला बघायचा होता. एकदा तरी.

त्यानं अंगठा लावला. तोंड बदललं. मग जमिनीवर उताणा पडून फोनच्या बॅटरीनं बराच वेळ बघत राहिला. उठला तेव्हा भाव तुटल्याचं दुःख त्याच्या तोंडावर नव्हतं, दुसरंच काहीतरी होतं.

"हिला पुढून मार बसलाय," तो म्हणाला. "पण कुणीतरी सरळ केलीय. हे एका दिवसाचं काम नाही हो, काकू. किंचित दाबायचं, सूत लावायचं, मोजायचं, परत किंचित दाबायचं. चाळीस-पन्नास वेळा सूत लावलं असेल. नळीला चीर नाही, रंगसुद्धा उडू दिला नाही. असं काम करणारा माणूस आता सापडत नाही. कुणी केलं हे?"

"ह्यांनी," मी म्हटलं.

"आणि वाकवली कुणी?" सुरेखानं विचारलं.

"मी."

सुरेखा हसायला लागली, मग तिनं तोंडाला पदर लावला. भाव पन्नासवर आला. मार बसलेली ती बसलेलीच, कितीही सरळ केली तरी, असं तो म्हणाला, आणि ते बरोबरच आहे. तुम्हीही तेच म्हणाला असता.

म्हणजे तुम्हाला पहिल्या मंगळवारीच कळलं होतं. अंगठा लावल्याशिवाय तुम्ही कुठली सायकल पुसली होती? हळद लावतानाच कळलं असेल. धुण्याच्या दगडावर पडलेल्या बाईच्या गुडघ्याला भिंतीचा चुना लागत नाही. आणि नंतरच्या आठवड्यात तुम्ही आपणहून म्हणालात, जा, चार दिवस जळकोटला राहून ये. लग्नानंतर तसं कधी म्हणाला नव्हता. मला वाटलं, भावाशी समेट व्हावा म्हणून पाठवताय. मी सुरेखाला घेऊन खुशीत गेले. परत आले तेव्हा भिंतीतला खिळा हातभर वर गेला होता, माझा हात पोचणार नाही इतका. मी मनात म्हटलं, बघा, आता तिला देवापेक्षा वर टांगलं.

मी पडू नये म्हणून खिळा वर नेलात, की ती पडू नये म्हणून? मला वाचवलंत, की तिला? एका शब्दानं रागावला असता तर मला कळलं असतं. मी कार्डाचं काढलं असतं, शिकवण्याचं काढलं असतं, तुमच्या वहीचं काढलं असतं. भांडण पुरं झालं असतं. तुम्ही सायकल सरळ केलीत आणि मला तशीच ठेवलीत.

सायकल दिली. त्या माणसाला बजावून सांगितलं, की एखादी गोरी म्हातारी विचारत आली तर परत द्यावी लागेल, अमानत हाय. त्याला वाटलं मी चेष्टा करते. मी त्याला फोन नंबर भिंतीवर लिहायला लावला, जिथं सायकलीचा उजळ ठसा राहिलाय तिथं. ती जिवंत असेल तर माझ्याएवढी झाली असेल. तिचे गुडघे माझ्यापेक्षा जास्त दुखत असोत, एवढंच माझं मागणं आहे.

आज सकाळी मी भाकरी करत होते. तव्यावर भाकरी टाकली आणि हाकेची वाट बघत थांबले. हाक येणार नाही हे कळेपर्यंत भाकरी करपली. तेव्हा मला काल राग का आला होता ते कळलं.

मी जळकोटला होते. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. चार दिवस तुम्ही एकट्यानं त्या सायकलीला पन्नास वेळा सूत लावलंत. म्हणजे मागं गाठ मारायची, हे तुम्हाला ठाऊक होतं. पहिल्यापासून ठाऊक असणार. असला कारागीर, त्याला गाठ ठाऊक नसेल?

मग अठ्ठेचाळीस वर्षं मला चुलीपासून उठवून सायकलीच्या पुढं का उभी करत होता, आणि मधेच मान वर करून का बघत होता?

तिच्या सायकलीला मात्र मला कधी हाक मारली नाहीत. ती एकट्यानं केलीत. त्या न आलेल्या हाकेचा मी आजपर्यंत जळफळाट केला, आणि आता तोही धड करता येत नाही.

विचारायचं राहिलं. उत्तर मला कळलंय, इतकी मी खुळी नाही. पण ते तुमच्या तोंडून ऐकायचं होतं, आणि ऐकून म्हणायचं होतं, की त्या भाकऱ्या कोण भरून देणार?